बोफोर्सला ‘उखळी तोफ’ म्हणावे का?

कारगिलवरच्या मराठी लेखांत बोफोर्सचा उल्लेख ‘उखळी तोफ’ असा येतो. तो बरोबर आहे का, असा प्रश्न आहे. माझ्या मते बरोबर नाही. उखळी तोफ म्हणजे मॉर्टर. बोफोर्स ही हॉवित्झर.

उखळीची नळी आखूड आणि तोंड आभाळाकडे. उखळात धान्य वरून टाकावे तसा गोळा तोंडातूनच आत सोडायचा. पायदळाची 81 मिलिमीटरची मॉर्टर आजही अशीच भरतात, त्यामुळे तिला हे नाव चपखल बसते. बोफोर्समध्ये 40 किलोंहून जड गोळा मागच्या बाजूने भरतात. नळीचा व्यास 155 मिलिमीटर आणि लांबी त्याच्या 39 पट, म्हणजे सहा मीटर! तिला उखळ कसे म्हणायचे?

गोंधळ होतो तो माऱ्यामुळे. नळी बरीच उंच उचलून, दारू कमी-जास्त भरून हॉवित्झरही डोंगराआडच्या ठाण्यावर गोळा टाकते. पण गरज पडली तर तीच नळी खाली आणून समोर दिसणाऱ्या लक्ष्यावर थेट मारा करता येतो. 1999 मध्ये द्रास भागात आपल्या गोलंदाजांनी शिखरांवरच्या बंकरांवर असा थेट मारा केला. उखळीला हे जमत नाही. शिवाय त्या युद्धात आपल्याकडे 120 मिलिमीटरच्या मॉर्टरही होत्या. त्यांचा पल्ला कमी, तर बोफोर्सचा 24 किलोमीटरच्या आसपास आणि उंचावरच्या विरळ हवेत त्याहून जास्त. दोन्हींना उखळी म्हटले, तर कोणत्या तोफेने काय केले हे वाचकाला कळणारच नाही.

‘हॉवित्झर’चे मूळ चेक भाषेत आहे. तिथल्या ‘हौफ’चा अर्थ जमाव. पंधराव्या शतकात चेक प्रदेशात धर्मावरून झालेल्या हुसाइट युद्धांत शत्रूच्या जमावावर डागायची ती ही तोफ. जर्मनमध्ये तिची ‘हाउबिट्झ’ झाली आणि पुढे इंग्रजीमार्गे हा शब्द आपल्याकडे आला.

नुसते ‘बोफोर्स’ही मला अपुरे वाटते. ते स्वीडिश कंपनीचे नाव. तिची 40 मिलिमीटरची विमानवेधी तोफही आपल्या सैन्यात आहे. 1986 च्या करारातली तोफ सांगायची असेल तर ‘155 मिलिमीटरची बोफोर्स हॉवित्झर’ लिहावे, पुढे नुसते ‘तोफ’. ट्रकमागे जोडून नेतात त्या सांगाड्याला ‘गन कॅरेज’ कशाला? तोफेचा गाडा हा आपला जुना शब्द आहेच.