गारपिटीत कवेलू आणि सिमेंटचे पत्रे फुटतात, उपाय काय?

मोठ्या गारेपुढे कवेलू (मातीचं कौल) टिकत नाही. म्हणून ते वाचवण्यापेक्षा घरात पाणी उतरू नये याची सोय करा, आणि छत बदलायचंच असेल तर जाड टिनाचा पत्रा टाका. गार लागली की टिन चेपतं, सहसा फाटत नाही. सिमेंटचा पत्रा मात्र ठिसूळ. त्याला तडा जातो आणि तो खालून दिसत नाही, पावसाळ्यात गळायला लागल्यावरच कळतो. पत्र्याची कामं करतो, त्यामुळे दुरुस्त्या याच येतात. कवेलू ठेवायचेच असतील तर शाकारणीच्या (छप्पर नव्याने रचण्याच्या) वेळी कामट्यांवर, म्हणजे बांबूच्या पट्ट्यांवर, आधी ताडपत्री अंथरा, वर कवेलू रचा. फुटले तरी पाणी ताडपत्रीवरून वळचणीला जातं.

हे सगळं जानेवारीतच उरका, कारण विदर्भात गारा बहुतेक फेब्रुवारी-मार्चमध्ये पडतात; 2014 ची गारपीटही त्याच दिवसांतली. तेव्हाच कडुनिंबाची पानगळही सुरू असते. दोन उतारांमधली पन्हाळ पानांनी भरली की तिथे गारांचा थर साचतो आणि मागचं पाणी पत्र्याच्या सांध्यातून भिंतीत शिरतं. पन्हाळ तेवढी झाडून ठेवा.

एक अडचण आहे: गारांसोबत वारा असतोच. हूक सैल असतील तर जाड पत्राही उडतो. वर नुसते दगड ठेवून भागत नाही (गावात अर्धे पत्रे तसेच असतात म्हणा). आणि नुकसान झालंच तर आवरायच्या आधी फोटो काढा, तलाठ्याला पंचनाम्यासाठी कळवा.