सहा महिन्यांत एक नंबर वाढला! आता कुठवर जाणार?

आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात चौथीतल्या मुलीला घेऊन आई आली, हातात चष्म्याच्या नंबराच्या चार चिठ्ठ्या. शाळेच्या तपासणी शिबिरात पावणेआठ वर्षांची असताना मायनस ०.७५. पुढे चष्म्याच्या दुकानात १.५०, सहा महिन्यांनी दुसऱ्या दुकानात २.५०, आणि दोन महिन्यांपूर्वी तिसरीकडे २.००. आईला स्वतःला साडेचारचा चष्मा, वडिलांना नाही. "मॅडम, सहा महिन्यांत एक नंबर. अठरा वर्षांची होईपर्यंत असंच चाललं तर वीस नंबर होईल ना?"

गुणाकार बरोबर होता, ज्याचा गुणाकार केला ते आकडेच कच्चे होते. अडीचचा दोन कसा झाला, हे मात्र त्यांनी विचारलं नव्हतं. मुलांचा खरा मायनस नंबर असा आपोआप उतरत नाही. उतरलेला दिसला तर आधीची मोजणीच चुकलेली असते.

लहान मुलांच्या डोळ्यातलं भिंग जवळचं पाहायला फार जोर लावतं. शाळा, मग ट्यूशन, आणि तिथून थेट दुकानातल्या कॉम्प्युटरसमोर बसवलं की तो जोर सुटलेला नसतो आणि मशीन मायनस जास्त दाखवतं. म्हणून मुलांचा नंबर तो जोर सैल करणारे थेंब टाकूनच काढायचा. सहसा सायक्लोपेंटोलेट १ टक्का, पाच-दहा मिनिटांच्या अंतराने दोनदा, आणि मग निदान अर्धा तास थांबून मोजणी. थेंब झोंबतात. दिवसभर उजेड खुपतो, वाचताना धूसर दिसतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी परीक्षा असेल तर ही तपासणी ठेवू नये.

या मुलीचा थेंबांनंतरचा नंबर निघाला उजवा १.७५, डावा १.५०. जुन्या चारही चिठ्ठ्या बिनथेंबांच्या, म्हणजे मागच्या दीड वर्षातला वेग त्यांवरून काढताच येत नव्हता. आईला ते पटायला जरा वेळ लागला.

मग डोळ्याची लांबी मोजली. मायनस नंबर वाढतो तो बहुतेक वेळा डोळा मागच्या बाजूने लांबत गेल्यामुळे. नंबर पाव-पावच्या पायरीने लिहितात, त्यामुळे एका पायरीचा फरक मोजणीतलाही असू शकतो. डोळ्याला न टेकता प्रकाशाने मोजणारं मशीन मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत आकडा देतं, आणि साधारण ०.०५ मिमीच्या वरचा फरक खरा धरता येतो. मोठ्यांत एक मिमी म्हणजे ढोबळमानाने अडीच ते तीन नंबर; वाढत्या मुलांत थोडं कमी, कारण भिंगही चपटं होत जातं. तिचा उजवा डोळा २४.१२ मिमी भरला. एकट्या आकड्यावर घाबरू नये. बुबुळाची गोलाई कमी असेल तर तेवढ्याच लांबीच्या डोळ्याला चष्मा नसतोही. पाहायचा तो वेग. पण सोनोग्राफीच्या, बुबुळाला टेकवायच्या मशीनचा आकडा याच्याशी ताडून पाहू नका. दाबामुळे तो कमी येतो.

सहा महिन्यांनी थेंब टाकून उजव्या डोळ्याचा नंबर आला २.००, फक्त एक पायरी. आई सुटकेचा श्वास टाकत होत्या, पण लांबी होती २४.३१. सहा महिन्यांत ०.१९. चष्मा नसलेल्या या वयाच्या मुलांत वर्षभरात लांबी साधारण ०.१ मिमी वाढते. म्हणजे वेग चांगलाच होता.

आता "कुठवर" या प्रश्नाला उत्तर देता आलं, तेही एक आकडा नव्हे, पट्टा. वय वाढतं तसा वेग मंदावतो, म्हणून सरळ गुणाकार चालत नाही. बारापर्यंत वर्षाला अर्धा ते पाऊण, पुढे पाव किंवा थोडं जास्त असं धरलं, तर काही न करता ती साडेचार ते साडेपाचपर्यंत जाईल असा आमचा अंदाज. सहाच्या पुढे गेला तर पडद्याचे धोके वाढतात, आणि ती रेघ फार लांब नव्हती. थांबण्याचं वय प्रत्येकाचं वेगळं. मायनस नंबरच्या मुलांना वर्षानुवर्षं तपासत राहिलेल्या अमेरिकेतल्या कॉमेट अभ्यासात जवळपास निम्म्या मुलांचा नंबर पंधराव्या वर्षापर्यंत स्थिरावला, सुमारे ७७ टक्क्यांचा अठरापर्यंत, ९० टक्क्यांचा एकविसापर्यंत.

डॉक्टरांनी नंबराची वाढ मंदावण्यासाठी ०.०१ टक्का अॅट्रोपिन या औषधाचा रात्री एक थेंब सुरू केला. तो मनाने सुरू करायचा नाही आणि मनाने बंदही नाही. रोज दोन तास घराबाहेर, सावलीतही चालेल. घरातल्या दिव्यापेक्षा झाडाखालची सावली कितीतरी पटींनी उजळ असते. ट्यूशन आठवड्यातून तीन दिवसांवर आली तेव्हाच हे जमलं. पुस्तक डोळ्यांपासून कोपर ते मूठ इतक्या अंतरावर. "नंबर थोडा कमीच द्या, म्हणजे वाढणार नाही," हा आजीचा आग्रह मात्र मोडावा लागला. कमी नंबराच्या चष्म्याने वाढ थांबत नाही, फळा तेवढा दिसेनासा होतो.

पुढच्या सहा महिन्यांत लांबीत वाढ झाली ०.०९ मिमी. वाढ मंदावली त्यात अॅट्रोपिनचं किती, वयाचं किती, हे एका मुलीवरून सांगता येत नाही. शिवाय अनेक अभ्यासांत थंडीत वाढ जास्त आणि उन्हाळ्यात कमी दिसली आहे, म्हणून निकाल बारा महिन्यांचाच धरायचा.

आईंनी आता एक वही केली आहे. तारीख, थेंब टाकले की नाही, दोन्ही डोळ्यांचा नंबर, सिलिंडर (म्हणजे तिरपा नंबर), अॅक्सिस (त्या तिरप्या नंबराचा कोन), लांबी आणि मशीनचं नाव. सिलिंडर असेल तर त्याचा अर्धा मुख्य नंबरात मिळवून तुलना करायची: २.०० आणि सिलिंडर १.०० म्हणजे २.५०. नुसता सिलिंडरच भराभर वाढत असेल आणि मूल सतत डोळे चोळत असेल, तर वही बाजूला ठेवून आधी बुबुळाची टोपोग्राफी, म्हणजे त्याच्या आकाराचा नकाशा, करून घ्यावी. बुबुळ शंकूसारखं होत जाण्याचा आजार तिथे सापडतो.

शेवटच्या भेटीला सहा वर्षांचा धाकटा भाऊही आला. त्याला लांबचं स्वच्छ दिसतं. थेंब टाकून त्याचा नंबर आला प्लस ०.५०. लहानपणी थोडा प्लस असतोच आणि तो वयाबरोबर उतरतो; या वयात पाऊण किंवा त्याहून कमी प्लस उरलेला असेल तर पुढे मायनस लागण्याची शक्यता जास्त. त्याला चष्मा नाही, औषध नाही. दोन तास बाहेर, आणि सहा महिन्यांनी परत थेंब.