दोन कार्बोरेटर, एकच डबा

प्रश्न : काका, माझ्याकडे १९८५ची राजदूत ३५० (दोन सिलिंडरची टू स्ट्रोक मोटरसायकल) आहे. आधीच्या मालकाने मूळचा एअर बॉक्स, म्हणजे फिल्टर बसतो तो हवेचा डबा, काढून दोन्ही कार्बोरेटरना एकेक शंकूसारखा उघडा फिल्टर लावला होता. गेल्या महिन्यात घोडबंदर रोडवर चौथ्या गिअरमध्ये डावा पिस्टन सीझ झाला, म्हणजे सिलिंडरमध्येच अडकला. प्लग काढले तर डावा पांढराफटक, उजवा चॉकलेटी. मूळ बॉक्स कुठे मिळेना. पत्र्याचा करून घेतला तर चालेल का?
– एक वाचक, कासारवडवली

उत्तर : चालेल, पण आत्ताच पत्रेवाल्याकडे पळू नका. पांढरा प्लग म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. दोन्ही प्लग पांढरे असते तर मी फिल्टरला दोष दिला असता. एकच पांढरा आहे, म्हणजे बहुधा डाव्या बाजूला कुठून तरी चोरून हवा शिरते आहे. कार्बोरेटर आणि सिलिंडरमधलं रबर वाकवून बघा, चाळीस वर्षांच्या रबराला भेगा असतातच. इंजिन आयडलवर ठेवून त्यावर कार्ब क्लीनर मारा. आवाज बदलला की चोर सापडला. तिथे काही नसेल तर क्रँकचं, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याचं, डावं ऑइल सील बघा. उजवं सील गेलं तर गिअरबॉक्सचं ऑइल ओढून गाडी धूर काढते, लगेच कळतं. डावं कोरड्या बाजूला आहे. ते गेलं की नुसती हवा ओढतं, कुणाला पत्ता लागत नाही. हे तपासल्याशिवाय डबा केलात तर नव्या डब्यासकट पुन्हा सीझ होईल.

आता डबा. या इंजिनात एक पिस्टन वर असतो तेव्हा दुसरा खाली, त्यामुळे दोन्ही सिलिंडर आळीपाळीने श्वास घेतात. डबा एकच असेल तर प्रत्येकाला आपल्या पाळीला अख्ख्या डब्याची हवा मिळते. म्हणून दोन छोट्या डब्यांपेक्षा एक मोठा बरा. टू स्ट्रोक असल्यामुळे दर फेऱ्याला श्वास: ३४७ सीसी, ७००० फेरे, म्हणजे हिशेबाने मिनिटाला २४०० लिटरच्या आसपास हवा. आणि घोडबंदरची हवा तुम्हाला मी काय सांगावी.

मी वागळे इस्टेटमध्ये टूलरूमला होतो तेव्हा माझ्या गाडीसाठी पहिला डबा केला. आधी पुठ्ठ्याचा. सीटखाली बसवून, बॅटरी आणि फ्रेमला कुठे लागतो ते बघून कापत गेलो. मग त्यात बायकोच्या मापट्याने तांदूळ भरून आतली जागा मोजली: सव्वातीन लिटर. तांदूळ परत डब्यात ओतताना अर्धे ओट्यावर सांडले, ते अजून ऐकतो आहे.

पत्रा अॅल्युमिनियमचा, दीड मिलिमीटरचा घ्या आणि जोड आर्गन वेल्डिंगवाल्याकडून मारून घ्या. कार्बोरेटरला मात्र डबा कडक पाइपने जोडू नका. माझ्या पहिल्या डब्याला तसे जोडले होते, तीन महिन्यांत कंपनाने वेल्डिंगशेजारी चीर गेली. मध्ये नायट्राईल रबराची नळी आणि दोन्ही टोकांना क्लॅम्प. डब्याच्या आत प्रत्येक नळीचं तोंड कर्ण्यासारखं फाकवून गोल करा, नुसतं कापलेलं ठेवू नका. दोन्ही तोंडांपासून समोरची भिंत सारख्याच अंतरावर हवी, निदान एका व्यासाएवढी. एक तोंड भिंतीला चिकटलं तर दोन्ही सिलिंडरचं कधीच जमणार नाही.

हवा आत यायचं भोक किती? कार्बोरेटरचं तोंड २८ मिलिमीटरचं, आणि भोकाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात. २८चा वर्ग ७८४, दोन कार्बोरेटरचे मिळून १५६८. ४०चा वर्ग १६००. म्हणजे ४० मिलिमीटरचं भोक जेमतेम पुरेल. मी ५०चं ठेवलं. ते मागे, सीटखाली ठेवा. पुढे तोंड केलंत तर जूनमध्ये पाणी पिईल. तळाला एक बारीक भोक आणि नळी, साचलेलं पेट्रोल आणि ऑइल निघून जायला.

फिल्टर तेलात भिजवलेल्या फोमचा, मागे जाळीच्या पत्र्याचा आधार. कागदी मला या इंजिनाला आवडत नाही, आतून उलटणाऱ्या ऑइलच्या धुक्याने तो चिकट होऊन बसतो. पण फोम फिल्टरचाच हवा. मी एकदा सोफेवाल्याकडचा स्पंज लावला होता. वर्षभरात पेट्रोलच्या वाफेने त्याचा भुगा झाला आणि तो रीड व्हॉल्व्हपर्यंत (इंजिनात हवा सोडणाऱ्या पातळ पट्ट्यांच्या झडपेपर्यंत) पोचला. ती दुपार मी चिमटा घेऊन काढली.

डबा बसला की कार्बोरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं, पुन्हा लावायचे. उघड्या फिल्टरसाठी आधीच्या मालकाने मोठे टाकले असतील तर ते तसेच राहू द्या आणि एकेक नंबर खाली या, वर जायचं नाही. मोकळ्या रस्त्यावर पूर्ण थ्रॉटल, क्लच दाबून तिथेच इंजिन बंद, आणि प्लग गरम असतानाच बघा. दोन्ही चॉकलेटी दिसेपर्यंत हेच.

गाडी एचटी (हाय टॉर्क) आहे की एलटी (लो टॉर्क), ते तुम्ही लिहिलं नाहीत. कळवा, मग कुठल्या नंबरपासून सुरुवात करायची ते पुढच्या अंकात बघू.