मायक्रोफायनान्सचं, म्हणजे गरिबांना विनातारण मिळणारं छोटं कर्ज मिळालं की बाईच्या शब्दाला घरात वजन येतं का?

नाही, नुसत्या कर्जाने येत नाही. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी हैदराबादच्या १०४ वस्त्यांत हे तपासलं; चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडलेल्या निम्म्या वस्त्यांत असं कर्ज देणाऱ्या कंपनीची शाखा आधी उघडली. २०१५ मध्ये छापलेला निष्कर्ष असा की घरात टिकाऊ वस्तू आल्या, चालू धंद्यांत पैसा गेला, पण घरच्या निर्णयांत बाईचा वाटा वाढलेला दिसला नाही. मला याचं नवल वाटत नाही. कर्ज तिच्या नावावर, पैसा नवऱ्याच्या हातात आणि हप्ता तिच्या डोक्यावर, असं आपल्याकडे सर्रास होतं. मात्र हे कंपनीच्या कर्जाबद्दल. बचत गटात मुळात बायकांची स्वतःची बचत असते, आपसांतल्या कर्जाचं व्याज गटातच राहतं आणि कोणाला किती द्यायचं ते त्याच ठरवतात.