कॉलेजच्या ग्रंथालयाचा व्याप आणि स्वतःची तब्येत, दोन्ही कसं सांभाळता?

तुम्ही लिहिलंय की सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात एकट्याच ग्रंथपाल आहात, परिचराची (मदतनिसाची) रिकामी जागा भरलेली नाही, नॅक म्हणजे कॉलेजचं मूल्यांकन तोंडावर आलंय आणि घरी गेल्यावर मुलांशी बोलायचंही त्राण उरत नाही. मी साताऱ्यात याच नोकरीत आहे, त्यामुळे यातलं बरंच ओळखीचं वाटलं.

माझ्या मते माणूस पुस्तकांच्या देवघेवीनं थकत नाही. 'ग्रंथालयात काय काम असतं?' असं म्हणून बाकीचे जे टेबलावर आणून टाकतात, त्यानं थकतो. प्रवेश समिती, परीक्षेचं सुपरव्हिजन, कुठल्याशा दिनाचा फोटोसकट अहवाल. याला तोंडी नकार देऊन भागत नाही, कारण प्राचार्य बदलले की तोंडी ठरलेलं सगळं बुडतं. ग्रंथालय समिती तुमच्याकडेही असेल आणि बहुतेक सचिव तुम्हीच असाल. बैठक लावा. देवघेवीची वेळ, वर्गीकरण आणि नोंदींसाठी काउंटर बंद ठेवायचा तास, ग्रंथपालाकडे बाहेरच्या किती समित्या द्यायच्या, हे ठराव म्हणून इतिवृत्तात घ्या आणि प्राचार्यांची सही घ्या. पुढे कोणी काम घेऊन आलं की इतिवृत्त दाखवायचं. वाईटपणा आपल्याकडे येत नाही.

माणूसबळासाठी 'कमवा आणि शिका'तली दोन मुलं मागून घ्या. योजना कर्मवीरांच्या विचारातली. आपल्या भागात तिच्याबद्दल कोणाला समजवावं लागत नाही. परत आलेली पुस्तकं फळीवर लावणं त्यांना पटकन जमतं. दाखल नोंदवही, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असते ती, मात्र त्यांच्या हाती देऊ नका.

नॅकच्या चौथ्या निकषात ग्रंथालयाचा खर्च, ई-रिसोर्सेस, रोजचा वापर हे सगळं येतं. पाच वर्षांचं एकदम उकरायला बसलं की रात्रीच्या रात्री जातात. म्हणून बिल आलं की त्याच दिवशी दाखल नोंद आणि स्कॅन. वाचकांच्या नोंदवहीची बेरीज महिनाअखेरीला. ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर कोहा असो की सोल, त्या महिन्याचा रिपोर्ट तेव्हाच काढून ठेवायचा. कंटाळवाणं आहे, पण याला दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

एन-लिस्टच्या, म्हणजे कॉलेजांना ई-पुस्तकं आणि ई-जर्नल्स देणाऱ्या सेवेच्या, पासवर्डसाठी आठवड्यातली एक दुपार ठरवून दारावर सूचना लावा. रात्री अकराला 'मॅडम, लॉगिन होत नाही' असा मेसेज आला तर सकाळीच उत्तर द्या. सुरुवातीला कुरकुर होते, मग सवय लागते.

शरीराचं म्हणाल तर धूळ आणि कंबर. जुन्या नियतकालिकांचे बांधीव खंड खालच्या फळीवर असतात आणि पुस्तकांच्या पडताळणीच्या वेळी वाकून वाकून कंबर धरते. बुटकं स्टूल घेऊन बसा, मास्क लावा. डांबरगोळ्या ठेवलेलं कपाट उघडलं की थोडा वेळ लांब राहा, त्या वासानं डोकं दुखतं. मी सकाळी इथल्या टेकडीवरच्या 'चार भिंती' स्मारकापर्यंत चढून येतो, फोन घरी ठेवून. तुम्हाला कृष्णेचा घाट आहे.

१२ ऑगस्टला भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्या जयंतीच्या भाषणात कोणीतरी त्यांच्या अखंड कामाचं कौतुक करतंच. त्यांचे १९३१चे ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत जरूर घ्या. रजा न घेण्याचा सहावा त्यात नाही.

आणि परिचराच्या जागेसाठी दर सत्राला संस्थेला पत्र द्या, आवक क्रमांक टाकून पोच घ्या. जागा भरेलच असं नाही. पण 'वाचनकक्ष संध्याकाळी बंद का?' असं कोणी विचारलं, तर पुढे करायला ती फाइल असेल.