ब्रीडर मोठे साप प्लास्टिकच्या ड्रॉवरमध्ये ठेवतात, ते योग्य आहे का? अशा सापाला किमान किती जागा हवी?

तुम्ही लिहिलंय की बॉल पायथन (आफ्रिकेतला बिनविषारी अजगर) घ्यायचा म्हणून पिंपरीतल्या एका ब्रीडरकडे गेलात. भिंतभर प्लास्टिकचे ड्रॉवर, प्रत्येकात एक साप. विचारल्यावर तो म्हणाला, "सापाला अंधारी, अडचणीचीच जागा आवडते. मोठ्या पेटीत घाबरतो, खाणं सोडतो." तुम्हाला ते पटलं नाही, पण खोडूनही काढता आलं नाही.

मी पुण्यात पशुवैद्यक आहे. रोज येतात ती कुत्री-मांजरंच, पण साप आणि कासवंही येतात, आणि वर्षानुवर्षं ड्रॉवरमध्ये राहिलेला साप बहुतेक वेळा टेबलावर ठेवल्या ठेवल्या कळतो. आधी माझं मत सांगते, मग कारणं. सापाला त्याच्या पेटीत नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत सरळ होता येत नसेल, तर ती पेटी त्याला लहान आहे. धंदा करणाऱ्याला यातून सूट नको. हौसेने पाळणाऱ्याकडे एक-दोन साप असतात, ब्रीडरकडे खोली भरून असतात, त्यामुळे नियमाची गरज तिथेच जास्त आहे.

मोजूनच बघा. बॉल पायथनची पूर्ण वाढलेली मादी साधारण सव्वा ते दीड मीटर भरते. मोठ्या सापांसाठी म्हणून रॅकमध्ये, म्हणजे ड्रॉवरच्या त्या मांडणीत, वापरतात तो टब साधारण ८० सेंमी लांब, ४५ रुंद आणि १५ उंच असतो. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं धरलं तरी ९२ सेंमी. त्या मादीला तिथे एकदाही सरळ होता येत नाही. बोआ या दुसऱ्या विदेशी सापाची मादी तर दोन मीटरच्या पुढे जाते. बरं, हे चार दिवसांपुरतंही नसतं. पिल्लं विकली जातात, पण पैदाशीसाठी राखलेल्या माद्या त्याच टबात राहतात. बॉल पायथन नीट सांभाळला तर २०-३० वर्षं जगतो. अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीने २०२० साली अंडी घातली, तेव्हा तिचं वय किमान ६२ धरलं होतं.

ब्रीडरच्या बोलण्यात अर्धं तथ्य आहे, म्हणूनच ते खोडायला अवघड जातं. पश्चिम आफ्रिकेत हा साप दिवसा वारुळात, उंदरांच्या बिळात दडून बसतो, हे खरं. पण रात्री बाहेर पडतो, फिरतो, झाडावरही चढतो. आग्नेय नायजेरियातल्या सापांवर १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नरांच्या खाण्यात पक्ष्यांचं प्रमाण मोठं निघालं. बिळात बसून पक्षी मिळत नाहीत. म्हणजे बीळ ही त्याची लपायची जागा आहे, सगळं आयुष्य तो तिथे काढत नाही. मोठ्या पेटीत तो घाबरतो तेव्हा ती पेटी बहुतेक वेळा रिकामी असते: चारी बाजूंनी काच आणि मध्ये एक पाण्याचं भांडं. उबदार बाजूला एक आणि थंड बाजूला एक, अंगाला घासेल अशी लपायची घट्ट जागा ठेवा, मध्ये फांद्या आणि पालापाचोळा द्या, आठवडाभर हात लावू नका. माझ्याकडे ज्यांनी असं केलं त्यांचे बहुतेक साप खायला लागले.

सापाला सरळ व्हायची गरजच नसते, तो वेटोळं घालूनच बसतो, हेही नेहमी ऐकायला मिळतं. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत प्राणिसंग्रहालयांतल्या ६५ सापांकडे प्रत्येकी तासभर पाहिलं. तेवढ्या वेळात ३७ टक्के साप सरळ किंवा जवळजवळ सरळ झाले. म्युनिकच्या पशुवैद्यकांनी २०२१ मध्ये बॉल पायथनचेच चित्रण करून रॅक आणि सजवलेलं टेरेरियम (माती, फांद्या असलेली काचपेटी) यांची तुलना केली. चढणं, ऊब घेत पडणं, मातीत शिरणं हे रॅकमध्ये शक्यच नव्हतं, आणि भिंतीवर चढायचा तोच तोच निष्फळ प्रयत्न मात्र तिथे जास्त दिसला.

तो प्रयत्न शरीरावर कुठे उमटतो ते सांगते. एका ब्रीडरने विकून टाकलेली मादी तिच्या नव्या मालकाने माझ्याकडे आणली होती. नाकाडाच्या टोकावरचा खवला झिजून गुळगुळीत झालेला, त्याखाली गुलाबी कातडी आणि एका बाजूला जुनी खपली. टबाच्या झाकणालगतच्या फटीत ती रात्री नाक खुपसत असणार. अंग हातात घेतलं तर मऊ, चरबीने भरलेलं, पाठीचे स्नायू जवळजवळ लागतच नव्हते. फांदीवर ठेवली तर स्वतःचं वजन पेलता येईना, घसरून खाली आली. आठवड्याला उंदीर आणि हालचाल शून्य, त्याचा हा परिणाम. वजनकाट्यावर मात्र अशी मादी "तब्येतीने छान" दिसते आणि जाहिरातीतही तसंच लिहितात.

जागेइतकंच महत्त्व तापमानाला आहे, आणि इथे पुण्याची हवा मध्ये येते. या सापाला पेटीच्या एका टोकाला ३१-३२ अंश आणि दुसऱ्या टोकाला २५-२६ अंश लागतं, म्हणजे हवं तेव्हा सरकून त्याला स्वतः निवडता येतं. रॅकमध्ये मागच्या बाजूला हीट टेपची, म्हणजे विजेवर तापणारी, एक पट्टी असते. टब इतका छोटा की अर्धं अंग पट्टीवर राहतंच. थर्मोस्टॅट (तापमान आवरणारं यंत्र) नसेल किंवा बिघडला तर पोट भाजतं, आणि सापाला ते वेळेत कळून तो बाजूला होईल या भरवशावर राहू नका. एप्रिलमध्ये वरच्या मजल्यावरच्या पत्र्याच्या खोलीत थंड बाजू उरतच नाही. जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या आसपास असताना लाइट गेली आणि इन्व्हर्टर नसला, तर सगळा रॅक एकदम गार पडतो. त्यानंतर तोंड उघडून श्वास घेणारे, नाकातून बुडबुडे येणारे साप माझ्याकडे येतात. सापाला छाती आणि पोटामधला श्वासपडदा (डायाफ्राम) नसतो, त्याला आपल्यासारखं खोकून कफ बाहेर टाकता येत नाही, त्यामुळे हा संसर्ग फार चिवट असतो. ओला कागद आणि चार भोकांची हवा असेल तर आणखीच.

मग किती जागा द्यायची? जर्मनीत १९९७ पासून सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी किमान अपेक्षा लिहिलेल्या आहेत. बॉल पायथनसाठी त्या सापाच्या लांबीवरच मोजतात: लांबीला सापाएवढी, रुंदीला त्याच्या निम्मी, उंचीला पाऊणपट. १.४ मीटरच्या मादीला म्हणजे १.४ मीटर लांब, ७० सेंमी रुंद आणि एक मीटरभर उंच. मी हे किमान धरते, याच्या खाली कुणालाच जाऊ देऊ नये. नुकती अंड्यातून निघालेली पिल्लं काही आठवडे छोट्या टबात ठेवायला माझी हरकत नाही, तिथे खाणं आणि विष्ठा बघणं सोपं जातं. आजारी सापालाही तसंच. पण प्रौढ मादीला कायमचं ठेवायला नाही. "एवढी जागा दिली तर धंदा परवडत नाही," असं एका ब्रीडरने मला तोंडावर सांगितलं. मग साप कमी ठेवावेत, मॉर्फ (रंग-नक्षीचे खास प्रकार) कमी काढावेत, पिल्लू महाग विकावं. जागेचा खर्च आज सापाच्या अंगावर पडतो, तो विकत घेणाऱ्याच्या खिशावर पडायला हवा.

कायद्याचं थोडक्यात. कुत्र्यांच्या ब्रीडरसाठी २०१७ चे वेगळे नियम आहेत, तसे सापांसाठी मला माहीत असलेल्या कुठल्याच नियमात मापं नाहीत. पण प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ मध्ये हालचालीला पुरेशी लांबी, रुंदी, उंची नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी कोंडणं हा गुन्हाच आहे, आणि त्या कायद्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कुठलाही सजीव. पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये. एवढ्याशा दंडाने कुणाचा रॅक हलणार नाही, म्हणून घेणाऱ्यांनीच आग्रह धरायला हवा. २०२४ च्या नियमांप्रमाणे बॉल पायथन, बोआ यांसारख्या विदेशी सापांची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, पिल्लं झाली तर त्यांचीही. ती कागदपत्रं जरूर मागा, पण त्यावरून पेटी चांगली आहे असं समजू नका.

परत त्याच्याकडे गेलात तर पिल्लू नंतर बघा, आधी त्याची आई बघायला मागा. तिचं नाकाड बघा, तिला जमिनीवर सोडायला सांगा आणि ती कशी चालते ते बघा. लाइट गेल्यावर काय करतो, थर्मोस्टॅट किती आणि कुठे लावलेत, नवा साप आला तर किती दिवस वेगळा ठेवतो, हे विचारा. आई दाखवायला टाळाटाळ केली तर घेऊ नका.

आणि तिथे कुणी "बर्मीज" किंवा "रेटिक" देऊ केला तर लगेच बाहेर पडा. बर्मीज अजगर ईशान्य भारतात आणि जाळीदार अजगर निकोबारात आढळतो. आपल्या अजगरासारखेच ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, घरात ठेवणंही गुन्हा आहे. अशा वेळी वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.