पत्रिकेच्या आत काय असतं?

प्रश्न : मी नागपूरला बी.सी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मामांनी व्हॉट्सॲपवर आलेली ‘लग्नपत्रिका’ नावाची एपीके (अँड्रॉइड फोनमध्ये ॲप टाकायची) फाइल उघडली आणि खात्यातले पैसे गेले. असा कोड आतून कसा चालतो ते शिकायचंय. सुरुवात कुठून करू?

उत्तर : मामांनी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली नसेल, तर आधी तो फोन लावा.

बर्डीवर मी बारा वर्षं मोबाइल दुरुस्त केले. २००४ साली सापडलेला ‘कॅबिर’ हा व्हायरस सिम्बियन या जुन्या प्रणालीच्या फोनमध्ये ब्लूटूथवरून पसरायचा. तोही ‘इन्स्टॉल करू का?’ असं विचारायचाच, आणि लोक ‘हो’ दाबायचे. त्याने बॅटरी संपायची, एवढंच. आजची पत्रिका एसएमएस वाचायची परवानगी मागते, म्हणजे तुमचा ओटीपी थेट चोराच्या हाती.

तेव्हा सुरुवात परवानग्यांपासून करा. एपीके ही मुळात झिप फाइल, म्हणजे अनेक फाइलींचा एक गठ्ठा. तिच्यातल्या ‘मॅनिफेस्ट’मध्ये ॲपच्या सगळ्या मागण्या लिहिलेल्या असतात. ‘जॅडएक्स’ या मोफत साधनाने कोड जावा भाषेसारखा वाचता येतो. पहिल्यांदा स्वतः बनवलेलं छोटं ॲप उघडून पाहा. मामांची फाइल मात्र नेट तोडलेल्या व्हर्च्युअल मशीनमध्येच (संगणकाच्या आत चालणाऱ्या वेगळ्या, आभासी संगणकात), आणि दुसऱ्याच्या फोनवर प्रयोग अजिबात नको. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

मॅनिफेस्टमध्ये ‘रिसीव्ह एसएमएस’, म्हणजे आलेले मेसेज मिळवायची परवानगी, सापडली, की मला पुन्हा लिहा.